ओळखपरेड

ताडोब्याहून परतलेल्या माणसाला लोक पहिला प्रश्न विचारतात तो एकच : "वाघ दिसला का?" दिसला असेल तर तो पुढचे पंधरा दिवस कचेरीत, शेजारीपाजारी आणि लग्नाच्या पंगतीत वाघच वाढीत असतो. दिसला नसेल तर जीपवाल्याला, हवेला आणि पुढच्या गाडीतल्या पोरांच्या आरडाओरडीला दोष देतो. मला हा प्रश्न कोणी विचारीत नाही. मी प्रवासाहून परतलो की आमची सौ. दारातच विचारते, "या खेपेला काय? पाल की बेडूक?" आणि माझी पिशवी उंबऱ्याबाहेरच उलटी करून झटकते. त्या झटकण्यात तीस वर्षांच्या संसाराचा अनुभव आहे.

माझा छंद तसा साधा आहे. प्रवासात जिथे जाईन तिथे मुठीत मावतील एवढ्या रानजिवांची छायाचित्रे काढायची आणि मग तो जीव नेमका कोण, हे शोधून काढायचे. सरडे, पाली, सापसुरळ्या, बेडूक, अधूनमधून एखादा साप, आणि नशीब जोरावर असेल तर देवगांडूळ. हे दिसायला गांडूळ, पण त्याला पाठीचा कणा असतो आणि गोत त्याचे बेडकांशी जुळते. यांना पाहायला तिकीट लागत नाही, जीप लागत नाही, तीन महिने आधी नाव नोंदवावे लागत नाही. गुडघे मात्र धड लागतात आणि चिखलात पोटावर पडून राहण्याची तयारी लागते. पन्नाशी उलटलेला एक गृहस्थ रस्त्याच्या कडेला पालथा पडलेला पाहून एस. टी. थांबवून चौकशी करणारे कंडक्टर मला या छंदापायीच भेटले. एकाने तर पाण्याची बाटली उघडून माझ्या तोंडावर मारायची तयारी केली होती. मी हळूच म्हणालो, "शू! सापसुरळी आहे." त्यावर त्याने जी घंटी मारली ती अजून कानात आहे.

छायाचित्र काढणे हे या उद्योगातले निम्मेही काम नव्हे. खरे काम पुढे असते, ओळख पटवण्याचे. आपल्या मराठीत 'ओळख' हा शब्द मोठा सोयीचा आहे. पोलीस चार माणसे रांगेत उभी करून त्यांतला एक हुडकायला लावतात तीही ओळख, आणि "या, यांची तुमची ओळख करून देतो" म्हणून कोणी दोघांचे हात एकमेकांत देतो तीही ओळखच. माझ्या छंदाची सुरुवात पहिल्या ओळखीने होते. दुसरी केव्हा होऊन गेली ते कळतही नाही. आणि एकदा ती झाली की माणसाच्या मागे काही कर्तव्ये लागतात, जशी ती नव्या व्याह्यांच्या बाबतीत लागतात.

आंबोलीचेच पाहा. सावंतवाडीहून घाट चढून गाडी वर आली की ढग खिडकीतून आत येतात. जूनमध्ये इथे माणसे येतात ती धबधब्याखाली भिजायला आणि गरम भजी खायला. भजी मीही सोडीत नाही. पण रात्रीचे जेवण झाले की कपाळाला विजेचा दिवा बांधून मी सड्यावर जातो. सडा म्हणजे जांभ्या दगडाचा उघडा माळ. मे महिन्यात तिथे तळपाय भाजतात. पहिले चार पाऊस पडले की त्याच खडकाच्या खळग्यांत बोटभर पाणी साचते, आणि वर्षभर कुठे दडलेला असतो कोण जाणे, असा एक भेक त्या पाण्याशी येऊन बसतो. भेक म्हणजे खरखरीत कातडीचा, आखूड पायांचा बेडूक. हा तर अंगठ्याच्या दोन पेरांएवढाच, आणि अंगावर पिवळसर पट्टे.

माझ्याबरोबर गावातला एक तरुण होता. मी पुढचे पाऊल टाकणार तोच तो म्हणाला, "काका, थंय पाय ठेवू नकात. जोडी बसली हा." माझा पाय वरच्या वर राहिला. दिव्याच्या उजेडात पाहिले तर खरेच, खडकाच्याच रंगाची ती जोडी, आणि पलीकडच्या खळग्यात दुसरी, तिसरी, चौथी. पावसाच्या पहिल्या सरींनंतर थोडे दिवसच ही लग्नसराई चालते. खळगा उथळ, ऊन पडले तर आटणारा; त्यामुळे सगळेच घाईचे काम.

या जिवाला शास्त्रात नाव मिळाले ते २००९ साली : झँथोफ्रायनी टायग्रिना. 'टायग्रिना' म्हणजे वाघासारखा. तेव्हा मला वाघ दिसत नाही असे म्हणणाऱ्यांनी आपले शब्द मागे घ्यावेत! कोयनेकडच्या त्याच्या चुलतभावाची नोंद १९६३ सालीच झाली होती. हा मात्र त्यानंतर शेहेचाळीस वर्षे कागदावर जन्मालाच आला नव्हता. तो पावसाळ्यामागून पावसाळे येत होता, लग्ने लावीत होता, चाकांखाली चिरडला जात होता. आणि लोक म्हणत होते, बेडूक आहे, कोकणात बेडकांना काय तोटा? नाव मिळाले, मग तो आंबोलीच्या परिसराबाहेर सापडत नाही हे ध्यानात आले, आणि मग आंतरराष्ट्रीय निसर्गसंरक्षण संघाच्या यादीत 'अतिसंकटग्रस्त' म्हणून त्याची नोंद झाली. बिननावाचा जीव रस्त्यावर मेला तर त्याची मोजदाद कोणी करीत नाही. नाव असलेला मेला तर निदान एकाच्या वहीत एक रेघ वाढते.

आता ओळख पटवायची तर छायाचित्र कसे हवे? वधूवर सूचक मंडळाकडे पाठवायचे छायाचित्र आणि पारपत्रावर चिकटवायचे छायाचित्र यांत जो फरक, तोच इथे आहे. पहिल्यात तिरपी मान, मऊ उजेड आणि मागे धूसर हिरवळ. दुसऱ्यात दोन्ही कान दिसले पाहिजेत. मी हौसेने पहिले काढतो आणि कर्तव्य म्हणून दुसरे. जिवाची एक बाजू पूर्ण, डोके वरून, पायांची बोटे, आणि तो जिथे बसला ती जागा – खडक, पान, झाडाची साल. एवढे असले की जाणत्या माणसाला पुढचे सांगता येते. नुसते डोळे चमकणारे सुंदर चित्र दाखवले तर तो बिचारा "छान आहे" म्हणतो आणि चहा मागवतो.

पालीची गोष्ट घ्या. आपल्याकडे पाल म्हटली की एक झाडू आणि एक किंकाळी, एवढेच शास्त्र. पण सह्याद्रीत पालींच्या कितीतरी जाती आहेत. घरातल्या पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या असतात आणि त्या मधोमध दुभंगलेल्या असतात. तिच्या कुळाचे हेमिडॅक्टिलस हे नाव त्यावरूनच पडले. त्याचा अर्थ अर्धबोटी. हे पट्टे पाहायला पालीला पकडून उताणी करण्याची मुळीच गरज नाही. विश्रामगृहाच्या खिडकीच्या काचेवर बाहेरून पाल बसली, की आतून काढा छायाचित्र; सगळा तळवा आरशासारखा समोर. रानात खडकाच्या कपारीत दिवसा हिंडणाऱ्या काही चिमुकल्या पाली मात्र निराळ्या. त्यांच्या डोळ्याची बाहुली गोल. रात्री हिंडणाऱ्या घरच्या पालीची उभ्या चिरेसारखी. म्हणजे डोळ्यांकडे पाहून कुळ सांगता येते. हे कौशल्य वरसंशोधनात असते तर किती बापांची पायपीट वाचली असती!

आणि झुडपांवरचे नखाएवढे बेडूक तर डोळ्यांना दादच देत नाहीत. दोन जाती दिसायला जुळ्या बहिणी, फरक आवाजात. एक टिक्‌टिक् करते, दुसरी खडे वाजवल्यासारखी खुळखुळते. तिथे छायाचित्राबरोबर आवाजही टिपून घ्यावा लागतो. चिखलात पालथे पडून डोळे मिटून ऐकणारा माणूस पाहिल्यावर कंडक्टरांनी काय समजायचे, हा प्रश्न वेगळा.

या साऱ्या ओळखींत मला सर्वांत गंमत आली ती साताऱ्याला. ठोसेघरच्या रस्त्याने पुढे गेले की चाळकेवाडीचे पठार लागते. वर पवनचक्क्यांची रांगच रांग आणि खाली दगडाळ माळ. उन्हाळ्याच्या अखेरीस इथला एक सरडा दगडावर चढून बसतो आणि गळ्याखालचा पंखा उघडतो : निळा, काळा आणि तांबूस नारिंगी. पैठणीच्या दुकानात गादीवर बसलेला माणूस पदर झटकन उलगडून दाखवतो ना, अगदी तसा. मादी साधी, मातकट. तिने पसंत करायचे, एवढेच. मी पालथा पडून त्याच्या मागच्या पायांची बोटे टिपीत होतो. बागेतल्या सरड्याला तिथे पाच बोटे असतात, या पंखेवाल्याला चार. एवढ्यात एक मेंढपाळ आजोबा येऊन काठीवर हनुवटी टेकून उभे राहिले.

"काय घावलं?" त्यांनी विचारले.

मी उठून बसलो आणि त्यांना सगळी हकीकत सांगितली. या सरड्यांना १८२९ साली एका फ्रेंच पंडिताने पाँडिचेरीवरून नाव दिले. पुढे पावणेदोनशेहून अधिक वर्षे एकाच नावात निरनिराळे सरडे कोंबले गेले. अखेर २०१६ साली शास्त्रज्ञांनी पंखे, खवले आणि रक्ताचे नाते तपासून त्यांची वाटणी केली आणि या मंडळींसाठी एक नवे कूळ काढले.

"मग नाव काय ठिवलं?"

"सरडा," मी म्हणालो. आणि हे खरे आहे. त्या कुळाचे शास्त्रीय नाव आपल्या मराठीवरूनच 'सरडा' असे ठेवले आहे; चाळकेवाडीचा तो सरडा सुपर्बा.

आजोबा माझ्याकडे, मग माझ्या कॅमेऱ्याकडे आणि मग त्या सरड्याकडे पाहात राहिले. "सरडाच हाय त्यो," ते म्हणाले. "त्यात दोनशे वर्सं कशापायी घालवली?"

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हते. पण त्याच पठारावरच्या एका अभ्यासाने पुढे या नावाचे मोल दाखवून दिले. २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या त्या संशोधनात असे दिसले, की पवनचक्क्यांच्या भागात सरडे टिपणारे शिकारी पक्षी जवळजवळ चौपटीने कमी झाले होते. साहजिकच तिथे सरडे वाढले. ते माणसाला कमी भिऊ लागले, जवळ येऊ देऊ लागले. पण गर्दी वाढली, खाण्याला वाटेकरी वाढले, आणि त्यांच्या पंख्यांचे रंग फिके पडले. वर फिरणाऱ्या पात्याचा परिणाम खाली एका सरड्याच्या गळ्यापर्यंत पोचला होता. तेव्हापासून मी एक नियम पाळतो : घरी बसून छायाचित्राचे रंग गडद करायचे नाहीत. फिकट असेल तर फिकट. आपण त्याला नटवला, तर तो जे सांगू पाहतो तेच पुसले जायचे.

इथवर ओळखीची गंमत झाली. कधीकधी मात्र ओळखीवर जीव टांगलेला असतो. कोकणातल्या एका निवासात रात्री दहाच्या सुमाराला एकच गलका झाला. न्हाणीघराच्या कोपऱ्यात हातभर लांबीचा साप होता, काळपट अंगावर पांढरे पट्टे. एक बाई लेकराला कडेवर घेऊन खाटेवर चढल्या होत्या. व्यवस्थापक दांडके घेऊन दारात उभा होता. "मण्यार आहे साहेब, बाजूला व्हा!"

मण्यार म्हणजे थट्टा नव्हे. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावली तर दात लागल्याचे कळतही नाही, आणि उजाडेपर्यंत श्वास अडतो. मी दाराबाहेर उभा राहून लांबूनच दोन छायाचित्रे घेतली आणि ती पडद्यावर मोठी करून पाहिली. मण्यारीचे पट्टे बारीक, बहुधा जोडीजोडीने असतात. डोक्याकडे ते पुसट किंवा नाहीतच, शेपटीकडे ठळक. शिवाय तिच्या पाठीच्या कण्यावर मोठ्या षट्‌कोनी खवल्यांची एक ओळ असते. समोरच्या सापाचे सगळे उलट होते. पट्टे मानेपासूनच सुरू, शेपटीकडे विरत गेलेले, आणि पाठीवरचे खवले सारखे. म्हणजे कवड्या. बिनविषारी, पालींच्या मागावर घरात शिरणारा.

मी ते छायाचित्र आधी त्या बाईंना दाखवले, मग व्यवस्थापकाला. त्याने दांडके खाली केले, टाकले मात्र नाही. "आणि तुमचा अंदाज चुकला तर?" तो म्हणाला. प्रश्न रास्त होता. म्हणून त्याला हात मी लावला नाही, कोणाला लावू दिला नाही; दार लोटून फटीला ओले पोते लावले आणि गावातल्या सर्पमित्राला बोलावले. त्याने येऊन पाहिले, "कवड्याच" म्हणाला, आणि त्याला पिशवीत घालून राईत सोडून आला.

वाचकहो, ही ओळख वाचून कोणी सापाशी सलगी करू नये. २००० ते २०१९ या वीस वर्षांत आपल्या देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मांडला आहे. आपल्याकडचे नेहमीचे प्रतिविष नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चौघांच्या विषावर चालते. चावला असेल तर साप कोणता याचा खल करीत बसू नये, मांत्रिकाची वाट तर मुळीच धरू नये. थेट रुग्णालय गाठावे. ओळखीचा उपयोग त्याच्या आधीचा आहे. भीती नेमकी कोणाची बाळगावी हे कळले, की माणूस सावध होतो आणि बाकीचे दहा साप दांडक्यातून वाचतात. पुढच्या वर्षी त्या निवासात गेलो तेव्हा व्यवस्थापकाने चहाआधी आपला फोन पुढे केला. त्यात नानेटी होती, दिवड होती, एक हिरवागार चापडा होता. "साहेब, हा कोण ते सांगा. मारला नाही, नुसता फोटो काढला." माझ्या आयुष्यात मला मिळालेली बक्षिसे थोडी आहेत, त्यांत मी हे वरच्या क्रमांकावर ठेवतो.

आता थोडे आमच्याच जमातीविषयी. कॅमेरे स्वस्त झाले, हौशी वाढले, हे चांगलेच झाले. पण काही जण पंख्यासारख्या बोटांचा उडता बेडूक फांदीवरून उचलून सोयीच्या पानावर बसवतात. चापडा काठीने सरळ करतात. दगड उलटून खालची पाल टिपतात आणि दगड तसाच टाकून पुढे जातात. तो दगड म्हणजे कोणाचे तरी घर होते, हे त्यांच्या गावीही नसते. बेडकाची कातडी ओली आणि शोषून घेणारी. डास पळवणारे मलम लावलेल्या हाताने त्याला उचलणे म्हणजे पाहुण्याच्या ताटात औषधाची बाटली उपडी करणे होय. जो उचलल्याशिवाय ओळखू येत नाही, तो अनोळखी राहिला तरी चालेल. वहीत 'बेडूक, एक, लहान' असे लिहावे आणि पुढे चालावे.

दुसरी गोष्ट पत्त्याची. हल्लीचे फोन छायाचित्राबरोबर जागेचे अक्षांश-रेखांशही नोंदवून ठेवतात. मांडुळाचे काय होते ते आपण वर्तमानपत्रांत वाचतो. दोन्ही टोकांनी सारखे दिसणारे हे गरीब, बिनविषारी जनावर गुप्तधन दाखवते म्हणे. त्या भोळसट समजुतीपायी १९७२ चा वन्यजीव कायदा असूनही त्याची लाखांच्या भाषेत चोरटी विक्री चालते. अशा जिवाचे छायाचित्र मित्रांना धाडताना मी जिल्ह्यापलीकडे काही सांगत नाही. नाव सर्वांना सांगावे. पत्ता अभ्यासकाला द्यावा.

पत्ता उघड होऊनही भले झाल्याचे उदाहरण आहे, नाही असे नाही. आंबोलीलाच हिरण्यकेशी नदीचा उगम आहे, आणि देवळापुढच्या कुंडात बोटाएवढे मासे आहेत. देवाच्या पाण्यातला मासा म्हणून त्याला कोणी गळ लावीत नसे. २०२० साली तो शास्त्राला नवा असल्याचे जाहीर झाले आणि शिस्टुरा हिरण्यकेशी असे त्याचे बारसे झाले. २०२१ साली राज्य शासनाने त्या परिसरातली २.११ हेक्टर जागा जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केली. बोटाएवढ्या माशासाठी सरकारी कागद हलला! मी काठावर बसून त्याचे छायाचित्र काढायला गेलो, तर पाण्यात ढगच जास्त दिसत होते. ते चित्र मी ठेवून दिले आहे. मासा त्यात आहे. नीट पाहणाऱ्याला सापडतो.

दिवाळीच्या साफसफाईत भिंतीवरच्या तसबिरी खाली उतरल्या की तुमच्याही घरात मागची मंडळी उघडी पडली असतील. पुढल्या खेपेला झाडू उचलण्यापूर्वी थोडा दम धरा. रात्री दिवा लागला की खिडकीच्या काचेपाशी जा. बाहेरून पाल येऊन बसेल. आतून तिचा तळवा पाहा, बोटांखालच्या दुभंगलेल्या पट्ट्या मोजा, डोळ्याची चीर पाहा, आणि घरातल्या मुलांनाही दाखवा. फोन हातात असेलच. आमच्या सौ.ने परवा तेच केले. स्वयंपाकघराच्या काचेवरची पाल तिने स्वतः टिपली, मला हाक मारून दाखवली, आणि म्हणाली, "ही रोजचीच. शेपटीचे टोक तुटलेली. कालची दुसरी होती." मग गॅस बारीक करून ती पुन्हा काचेपाशी जाऊन उभी राहिली.